ठराव झाला, पण सही कोणाची?

चिंचपाडा (ता. नवापूर) : समजा, तुम्ही बाजार आटोपून चिंचपाडा स्टेशनावर गाडीची वाट बघत बसला आहात. शेजारी कोणीतरी पेपर उघडलेला आहे. मथळा आहे, ‘विधानसभेत ठराव एकमताने संमत’. पहिला म्हणतो, "झालं काम! आता कायदाच झाला." दुसरा म्हणतो, "छट्, राज्यपालांची सही कुठं झालीय अजून? सहीशिवाय त्या ठरावाला काय किंमत?" तिसरा हसून म्हणतो, "मुंबईचं राहू द्या हो. आपल्या ग्रामसभेचा ठरावसुद्धा अडकून पडलाय. सरपंच सही करत नाहीत, म्हणजे ठराव झालाच नाही म्हणतात."

मंडळी, तिघेही आपलेच आणि तिघांचेही चुकलेले आहे. चूक छोटी वाटते, पण तिच्यापायी एखाद्याच्या वनजमिनीचा दावा वर्षभर कपाटात पडून राहू शकतो. कुठे ज्या ठरावाने काहीच बदलणार नाही, त्याच्यासाठी गुलाल उधळला जातो. म्हणून विधिमंडळापासून आपल्या पाड्यापर्यंत हा ठराव आणि सहीचा हिशेब एकदा नीट मांडून बघू.

सही दोन प्रकारची

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सही दोन प्रकारची असते. एक मान्यतेची आणि दुसरी साक्षीची. तुम्ही जमीन विकता तेव्हा खरेदीखतावर तुमची सही असते. ती मान्यतेची. ती नसेल तर व्यवहारच नाही. त्याच कागदावर खाली साक्षीदारांच्या सह्या असतात. साक्षीदाराला जमीन विकायची नसते की घ्यायची नसते. ‘हे माझ्यासमोर झाले’ एवढेच तो सांगतो.

विधेयकावर राज्यपालांची सही लागते ती मान्यतेची. ठरावाला तशी सही लागतच नाही. सभागृहाने मत दिले की ठराव झाला. पुढे कागदावर जी सही होते ती साक्षीची. सगळा घोळ होतो तो या दोन सह्यांची गल्लत केल्यामुळे.

विधेयकाची वाट

कायदा करायचा तर विधेयक मांडावे लागते. आपल्या राज्यात विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहे आहेत. राज्यघटनेच्या १६८व्या कलमाप्रमाणे विधिमंडळ म्हणजे ही दोन सभागृहे आणि तिसरे राज्यपाल. विधेयक दोन्ही सभागृहांतून गेले की २००व्या कलमाप्रमाणे राज्यपालांपुढे ठेवतात. ते संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात, काही विधेयके राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवू शकतात, किंवा अर्थविधेयक सोडून इतर विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संमतीशिवाय विधेयक म्हणजे नुसता छापील कागद.

गावकीशी संबंधित एक उदाहरण घ्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक आपल्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती लागली आणि कायदा अमलात आला जुलै २०१७ मध्ये. सभागृहात सगळ्यांनी हात वर केले तरी मधले सव्वा वर्ष तो कायदा नव्हता. ही झाली मान्यतेच्या सहीची ताकद.

राज्यपालांनी विधेयक किती दिवस ठेवून घ्यावे, यावर अलीकडे देशात बराच वाद झाला. पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले की काहीच न करता विधेयक अनिश्चित काळ दाबून ठेवता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात न्यायालयाने मुदती घालून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांवर मत दिले, की न्यायालयाला अशा ठरावीक मुदती घालता येणार नाहीत आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असेही धरता येणार नाही. पण कारण न देता लांबण लावली तर निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकते. हा सगळा वाद विधेयकांचा आहे, ठरावांचा नाही. २००व्या कलमात ठरावाचा उल्लेखच नाही.

ठरावाची वाट

ठराव म्हणजे सभागृहाने आपले मत किंवा आपला निर्णय बोलून दाखवणे. तो सरकार मांडू शकते, तसा साधा आमदारही मांडू शकतो. आमदाराच्या ठरावाला अशासकीय ठराव म्हणतात. आधी सूचना द्यायची, अध्यक्षांनी ती दाखल करून घ्यायची, मग चर्चा, कोणाची दुरुस्ती असेल तर ती, आणि शेवटी मत. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. कोणी मागणी केली तर मते मोजतात. मग अध्यक्ष जाहीर करतात, ‘ठराव संमत झाला आहे’. त्या क्षणी ठराव झाला. तो राजभवनावर सहीसाठी जात नाही. त्याची प्रत संबंधित खात्याकडे किंवा केंद्र सरकारकडे जाते.

म्हणजे स्टेशनावरच्या दुसऱ्या गृहस्थांचे चुकले. राज्यपालांची सही नसल्याने ठराव अडत नाही. मग पहिल्याचे कुठे चुकले? ठराव पूर्ण झाला म्हणजे तो कायदा झाला असे नव्हे. काही ठराव फार वजनाचे असतात आणि काही नुसते मत असतात. हा फरक कळला की पेपरमधली निम्मी बातमी कळली.

वजनाचे ठराव

राज्यघटनेने काही ठिकाणी ठरावालाच अधिकार दिलेला आहे. तिथे कोणाच्या सहीवाचून ठराव काम करतो.

एक उदाहरण शहरी जमिनीचे. आपला शेतजमिनीचा सीलिंगचा कायदा वेगळा, तो राज्याचा. शहरातल्या मोकळ्या जमिनीच्या सीलिंगचा कायदा संसदेने १९७६ साली केला. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला, मग संसदेने कसा केला? तर २५२व्या कलमाप्रमाणे महाराष्ट्रासह काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तो अधिकार दिला. गंमत पुढे आहे. एकदा असा कायदा झाला की राज्याला तो आपल्या विधेयकाने बदलता येत नाही. संसदेने तो कायदा १९९९ मध्ये रद्द केला, पण महाराष्ट्रात तो चालूच राहिला. आपल्या विधिमंडळाने रद्द करणारा कायदा स्वीकारल्याचा ठराव केला, तेव्हा कुठे २९ नोव्हेंबर २००७ पासून तो इथून गेला. दारही ठरावाने उघडले आणि बंदही ठरावानेच झाले.

दुसरे उदाहरण तुमच्या ग्रामपंचायतीच्या मुळाशी आहे. पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. राज्यघटनेतल्या काही तरतुदी बदलायच्या तर संसदेची मंजुरी पुरत नाही. ३६८व्या कलमाप्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून दुजोरा द्यावा लागतो. ७३व्या दुरुस्तीला असा दुजोरा घेतला गेला. राज्यांच्या या ठरावांवर राज्यपालांची संमती घटनेने मागितलेली नाही. जीएसटीच्या घटनादुरुस्तीलाही असाच दुजोरा लागला. आपल्या विधिमंडळाने तो २९ ऑगस्ट २०१६ रोजी दिला.

तिसरे उदाहरण तर राज्यपालांच्या स्वतःच्या सहीचे आहे. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अध्यादेश काढतात. त्यावर त्यांची सही असते आणि तो कायद्यासारखा चालतो. पण अधिवेशन भरल्यावर विधानसभेने त्याला नापसंतीचा ठराव केला आणि विधान परिषदेने होकार दिला, तर अध्यादेश तिथेच संपतो. २१३वे कलम वाचा. सही असलेला कागद बिनसहीच्या ठरावाने रद्द होतो.

नुसते मत असलेले ठराव

आता दुसरी बाजू. जिथे घटनेने किंवा कायद्याने ठरावाला अधिकार दिलेला नाही, तिथे ठराव म्हणजे सभागृहाची इच्छा. तिचा मान असतो, पण ती बंधनकारक नसते.

२७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या अधिवेशनात सीमाभागाचा ठराव एकमताने झाला. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आणि ८६५ मराठी गावांची इंच इंच जागा महाराष्ट्रात आणण्याचा निर्धार त्यात होता. त्याच्या काही दिवस आधी कर्नाटकच्या विधानसभेने नेमका उलटा ठराव केला होता. दोन्ही ठराव आपापल्या सभागृहात रीतसर झाले. दोन्हींना कोणाच्या सहीची गरज नव्हती. पण नकाशावरची रेघ एका बोटाएवढीही हलली नाही, कारण राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे आणि दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

याहून कडू धडा मराठवाड्यात मिळाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. बातमी पोचताच मराठवाड्यात दंगली उसळल्या. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे देशोधडीला लागली. ठराव मात्र कागदावरच राहिला. विद्यापीठाचे नाव विद्यापीठाच्या कायद्यात होते, आणि कायद्यातला शब्द ठरावाने बदलत नाही. मोर्चे निघाले, नागपूरच्या दीक्षाभूमीपासून लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ठराव एका दिवसात झाला आणि अंमल व्हायला साडेपंधरा वर्षे गेली. ठराव झाला त्या दिवशी जी माणसे ‘जिंकलो’ म्हणाली, त्यातल्या कित्येकांनी त्याची किंमत आपल्या घरादाराने मोजली.

म्हणून सभागृहात ठराव झाल्याची बातमी वाचली की पुढचा प्रश्न विचारा, ‘पुढे कायदा कधी? आदेश कधी?’

जी.आर. म्हणजे ठराव नव्हे

इथे आणखी एक गल्लत होते. ‘सरकारने ठराव काढला’ असे आपण सर्रास म्हणतो. सरकार काढते तो शासन निर्णय, म्हणजे जी.आर. तो सभागृहापुढे मताला जात नाही. २०१७ ची कर्जमाफी आणि २०१९ च्या डिसेंबरातली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन्ही जी.आर.नेच आल्या. जी.आर.च्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ तुम्ही पाहिली असेल. ती वाचून पुष्कळांना वाटते की राज्यपालांनी सही केली. प्रत्यक्षात खाली सही असते मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची. राज्यकारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, म्हणून ती ओळ. आणि जे सरकार जी.आर. काढते, ते दुसऱ्या जी.आर.ने तो बदलूही शकते. कर्जमाफी घेताना शेतकऱ्याने पाहायचा तो जी.आर. आणि त्यातल्या अटी. सभागृहातले भाषण किंवा ठराव बँकेच्या खिडकीवर चालत नाही.

आता आपल्या पाड्यावर या

स्टेशनावरचा तिसरा गृहस्थ राहिला. त्याचा प्रश्न सगळ्यात जवळचा. ग्रामसभेचा ठराव सरपंचाच्या सहीअभावी होत नाही का?

ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीतले सगळे. ठराव त्यांच्या मताने होतो. सभेच्या अध्यक्षाने इतिवृत्तावर करायची सही ही साक्षीची सही. ‘अशी सभा झाली, असा ठराव झाला’ एवढे ती सांगते. सरपंच राज्यपाल नव्हे आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते राष्ट्रपती नव्हेत. झालेला ठराव आवडला नाही म्हणून सही न करणे म्हणजे संमती रोखणे नव्हे. ती फक्त नोंद अपुरी ठेवणे झाले. तक्रार करायची ती नोंदीची. ठराव पुन्हा मताला टाकायची गरज नाही.

कायद्यालाही हे माहीत आहे. सरपंचावरच्या अविश्वास ठरावाचे बघा. सदस्य नोटीस तहसीलदारांकडे देतात, सभा तहसीलदार बोलावतात आणि तेच अध्यक्षस्थानी बसतात. थेट निवडून आलेला सरपंच असेल तर प्रकरण ग्रामसभेपुढेही जाते. ज्याच्याविरुद्ध ठराव, त्याच्या सहीवर तो सोडला असता तर एकही सरपंच कधी खाली उतरला नसता.

आपला नवापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाला इथे जास्त वजन आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्यालासुद्धा आपली ग्रामसभा असू शकते. राज्याचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्याआधी संबंधित ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर सुरुवातच ग्रामसभेपासून आहे. दावे मागवणे, तपासणे, नकाशा करणे, ठराव करणे आणि त्याची प्रत उपविभागीय समितीकडे पाठवणे, हे ग्रामसभेचे काम. त्या सभेला निम्म्या सभासदांची हजेरी हवी, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. ठराव साध्या बहुमताने होतो. दावा फेटाळायचा तर तो कशात कमी पडतो हे बघतात. तेव्हा सगळ्यात आधी हजेरीचा कागद बघितला जाईल.

ग्रामसभेच्या मताचे वजन किती असू शकते, ते ओडिशात दिसले. नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले की प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. बारा गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी नाही म्हटले. पुढे केंद्राने खाणीला परवानगी नाकारली.

पण मर्यादाही ओळखा. कायद्याने जे अधिकार दिले तेवढ्यातच ग्रामसभेचा ठराव चालतो. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचा ठराव सगळ्या गावाने हात वर करून केला, तरी तो ठराव नव्हे, तो गुन्हा आहे. वर सांगितलेला बहिष्काराचा कायदा त्यासाठीच आहे. आणि अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांना पाचव्या अनुसूचीने एक खास अधिकार आहे. एखादा कायदा इथे लागू नाही, किंवा अमुक बदलासह लागू आहे, असे ते अधिसूचनेने सांगू शकतात. म्हणजे आपल्या ठरावाला राज्यपालांची सही लागत नाही, पण आपल्या भागात कोणता कायदा कसा चालतो यात त्यांचा हात मोठा आहे. वनहक्क आणि पेसाच्या कामात राज्यपालांच्या अधिसूचना वेळोवेळी निघाल्या आहेत. गावच्या कार्यकर्त्यांनी त्या जपून ठेवाव्यात.

सभेला जाताना

शेवटी कामाच्या चार गोष्टी.

सभा उठण्याआधी ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ‘नंतर लिहू’ म्हणाले की पुढे शब्द बदलतात आणि भांडण लागते. ज्यांना मराठी अवघड जाते त्यांच्यासाठी आपल्या मावची बोलीत समजावून सांगा.

हजेरीच्या सह्या आणि अंगठे कोऱ्या कागदावर देऊ नका. वर तारीख, सभेचे ठिकाण आणि विषय लिहिलेला असू द्या. महिलांची हजेरी वेगळी मोजता येईल अशी ठेवा.

ठरावात कोणत्या कायद्याखाली, काय आणि कोणाकडे पाठवायचे हे तीन शब्दांत तरी लिहा. ‘वरिष्ठांनी योग्य ती कार्यवाही करावी’ एवढेच लिहिलेला ठराव वरिष्ठांच्या कपाटात योग्य ती झोप घेतो.

ठरावाची प्रत मागा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि ग्रामसेवक, सरपंच मंडळींनाही सांगणे, तुमची सही साक्षीची आहे. ठराव पटला नसेल तर तुमचा विरोध इतिवृत्तात लिहा, पण नोंद अडवू नका. साक्षीदाराने साक्ष द्यायची असते, निकाल द्यायचा नसतो.

आता पुन्हा स्टेशनावर कोणी विचारले, ‘ठराव झाला, पण सही कोणाची?’ तर सांगा, सही बघायची ती विधेयकावर. ठरावात आधी बघायचे ते असे : तो करायचा अधिकार त्या सभेला होता का, सभेला माणसे होती का, आणि जे ठरले तेच लिहिले का. या तीन गोष्टी नीट असल्या, तर सहीची वाट बघत बसू नका. प्रत घ्या आणि पुढच्या कचेरीची पायरी चढा.